तीन सेकंदांचं पाणी

१

"पाणीचोर सापडला!"

घरमालकीणबाई फोनवर एवढ्या जोरात ओरडल्या की मी फोन कानापासून हातभर लांब धरला. तरी पलीकडच्या खुर्चीत पेपर वाचत बसलेल्या माझ्या सासूबाईंना सगळं ऐकू गेलं.

"कोण निघाला?" मी विचारलं.

"दुसरा कोण? आमचा खालचा भाडेकरू, तो बेकरीवाला! तुम्हीच म्हणाला होतात ना, मोटारीत काही दोष नाही, मधेच कुणीतरी पाणी ओढत असणार. अगदी बरोबर निघालं बघा तुमचं. चार वाजता टेम्पो येतोय. खोली रिकामी करायला सांगितलंय त्याला. एवढंच कळवायचं होतं. थँक्यू हं!"

फोन बंद झाला. आपला अंदाज खरा ठरल्यावर माणसाची छाती फुगायला हवी. मला मात्र ते 'थँक्यू' टोचलं.

मी प्लंबर आहे. तीन महिन्यांपूर्वी या बाईंच्या तीन मजली घरात मी नवी मोटार बसवली होती. मग पाणी झटके देतंय म्हणून त्यांचे दोनदा फोन आले. दोन्ही वेळा मी दुसऱ्या कामावर पाईपला लटकलेला होतो, आणि दोन्ही वेळा जागेवर न जाताच मी ते वाक्य फेकलं होतं. आमच्या धंद्यात हे फोन आटोपायचं वाक्य आहे. मी ते आजवर दहा जणांना तरी ऐकवलं असेल. पण त्यापायी कुणाचं बिऱ्हाड रस्त्यावर आलं नव्हतं.

सासूबाईंनी पेपरची घडी घातली. त्यांनी अठ्ठावीस वर्षं पंपांच्या कारखान्यात, तपासणी खात्यात काढली. तयार झालेला प्रत्येक पंप चालवून, त्याचा आवाज ऐकून, मगच त्याला बाहेर सोडायचा हे त्यांचं काम. निवृत्त होऊन आमच्याकडे राहायला आल्यापासून त्या आमचा फ्रिज, मिक्सर आणि पंखा तपासत असतात. न विचारता.

"जावईबापू, ती मोटार तुम्ही जाऊन बघितलीत?"

"नाही हो आई. अंदाजानं सांगितलं."

"म्हणजे मोटार न बघता तुम्ही माणूस पकडलात." त्यांनी चष्मा पर्समध्ये टाकला. "किती वाजले?"

"साडेबारा."

"मग साडेतीन तास आहेत. स्कूटर काढा."

२

फाटकाशीच अण्णा भेटले. अण्णा म्हणजे घरमालकीणबाईंचे सासरे. चाळीस वर्षं त्यांचं ट्रकच्या टायरांचं दुकान होतं. गेल्या वर्षी गुडघ्यांनी संप पुकारला, तेव्हा दुकान विकलं. मी स्कूटर स्टँडला लावतो न लावतो, तोच त्यांनी मागच्या चाकाला टाच मारली. मग वाकले, हवेच्या नळीचं टोपण काढून ओठांत धरलं, अंगठ्याच्या नखानं आतली पिन दाबली आणि कान लावला. फुस्स.

"दोन पौंड कमी आहे," ओठांतलं टोपण परत घट्ट बसवत ते म्हणाले. "डबलसीट आलात आणि एवढ्या हवेवर? वळणावर आडवे व्हाल."

"भरतो अण्णा, भरतो," मी म्हटलं आणि सासूबाईंच्या मागे जिना चढलो.

घरमालकीणबाई आम्हाला पहिल्या मजल्यावरच्या न्हाणीघरात घेऊन गेल्या. पुढचा अर्धा तळमजला आणि हा मजला त्यांच्याकडे. नवरा नोकरीनिमित्त बाहेरगावी असतो. वरच्या मजल्यावर त्यांचे दीर, आणि तळमजल्याच्या मागच्या खोलीत बेकरीवाला आणि त्याची बायको. मोटार आणि तिच्या शेजारची लाल प्रेशर टाकी खाली जिन्याखाली.

बाईंनी शॉवर सोडला. पाणी धो धो आलं, मग मलूल झालं. पुन्हा धो धो, पुन्हा मलूल.

"बघा काकू!" त्या म्हणाल्या. "डोक्याला शाम्पू लावला की अंगावर काटा येतो माझ्या. तो खाली नळ उघडतो आणि इथं माझं पाणी जातं."

सासूबाई मनगटावरच्या घड्याळाकडे बघत ओठांत पुटपुटत होत्या. मिनिटभरानं त्यांनी मान वर केली आणि त्यांचे डोळे चक्क चमकले.

"तीन सेकंद जोर, तीन सेकंद मरगळ. मग पुन्हा तीन आणि तीन. जावईबापू, एकदाही चुकलं नाही. घड्याळ लावून नळ उघडबंद करणारा चोर तुम्ही पाहिलाय कधी?"

"मग पाणी जातं कुठं?" बाईंनी कमरेवर हात ठेवले.

"तेच आता विचारूया पाण्याला. घरातले सगळे नळ उघडा."

"सगळे? अहो, इथं एका नळाला नीट येत नाही!"

"सगळे उघडा," सासूबाई म्हणाल्या.

३

मी धावत सुटलो. स्वयंपाकघर, गॅलरी, खालचं न्हाणीघर, वर दिरांकडचे तीन नळ. मोजून सहा नळ उघडले आणि धापा टाकत परत आलो.

शॉवर चालू होता. धार जरा बारीक झाली होती, पण सलग होती. तीन सेकंद गेले, सहा गेले, वीस गेले. एक झटका नाही!

"हे कसं काय?" घरमालकीणबाई शॉवरकडे डोळे फाडून बघत होत्या.

माझ्याही अंगात आता वारं शिरलं. वीस वर्षं हेच काम करतोय, आणि एवढी साधी गोष्ट मी करून बघितली नव्हती. "वहिनी, मधे कुणी पाणी ओढत असतं, तर सहा नळ उघडल्यावर तुमचं पाणी ठप्प झालं असतं. ते उलट सुधारलं! म्हणजे पाणी चोरीला जातच नाहीये. मोटारच झोपतेय आणि उठतेय. सहा नळ चालू असले की तिला झोपायला फुरसत मिळत नाही."

"पण ती झोपते का?" सासूबाईंनी मला विचारलं. परीक्षेला बसवल्यासारखंच विचारलं.

"आई, ते लाल टाकीत बघावं लागेल."

"वाजवून बघू. पण आधी माणसं." त्या बाईंकडे वळल्या. "हा त्रास एका दिवसात सुरू झाला का हो?"

"छे. पहिला महिना तर पाणी मस्त होतं. केस धुताना मी आकडे मोजते, सवयच आहे मला. आधी वीस-पंचवीस मोजेपर्यंत जोर टिकायचा. मग दहा झाले, मग पाच. आता तीन. गेल्या महिन्यात खालचे हे दोघं दहा दिवस त्याच्या बायकोच्या माहेरी गेले होते, तेव्हाही सातावरून पाचावर आलं. जाताना काहीतरी करून गेला असणार मेला."

"तुम्ही त्याला विचारलंत?"

"विचारायचं काय? मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय त्याला. पहाटे साडेतीनला, जिन्याखाली, मोटारीशी वाकलेला!"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. हे काही मी ऐकलं नव्हतं.

४

मागच्या खोलीत बेकरीवाल्याची बायको भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती. तो खोक्यांना दोऱ्या बांधत होता. कोपरापर्यंत हातांना अजून पीठ लागलेलं. आम्हाला बघून तो उठला नाही.

"मी साडेतीनला भट्टीवर निघतो," तो म्हणाला. "माझी सायकल जिन्याखाली असते. सायकल काढायला माणूस वाकणारच ना?"

"हे वहिनींना सांगितलंत का?" सासूबाईंनी विचारलं.

"मला विचारलं कुठं त्यांनी? त्यांनी गल्लीत सांगितलं, गल्लीनं मला सांगितलं. काल दोन ठिकाणी खोली बघायला गेलो. दोन्हीकडे म्हणाले, तुम्हीच ना ते पाणीवाले?"

त्याच्या बायकोनं ताटल्यांचा गठ्ठा दाणकन खोक्यात ठेवला. "आता माझ्या भावाकडे चाललोय. त्यांच्या पुढच्या खोलीत झोपायचं. तिथून भट्टी सायकलनं दीड तास. सहा वर्षं राहिलोय हो इथं आम्ही. हे निघाले की पहाटे वहिनींचं फाटक मी लावून घेते, रोज."

ते वाक्य माझं आहे हे मी तिथंच सांगायला हवं होतं. पण नाही निघालं तोंडातून. मी सायकलकडे बघायला म्हणून बाहेर पडलो.

जिन्याखाली बेकरीवाल्याची सायकल, तिच्या दांड्याला बांधलेला हातपंप, आणि दोन पावलांवर माझी मोटार. एक नळ चालू ठेवला होता, त्यामुळे मोटार टक करून सुरू होत होती, तीन सेकंदांनी टक करून बंद पडत होती. सासूबाईंनी बोटांच्या सांध्यांनी लाल टाकीवर ठोकलं. खाली ठप. मधे ठप. वरही ठप.

"ऐकलंत? वरचा अर्धा भाग ठण वाजायला हवा."

मी घरमालकीणबाईंना समजावलं. टाकीत एक रबरी पिशवी असते. पिशवीत पाणी, बाहेरून हवा. नळ उघडला की ती दाबलेली हवाच पाणी ढकलते, मोटारीला लगेच उठावं लागत नाही. हवा संपली की टाकी नुसतं पाण्याचं पिंप होते, आणि मोटारीला दर तीन सेकंदांनी धावत यावं लागतं.

"पिशवी फाटली असेल," मी मोटार बंद करत म्हणालो. नळ उघडून टाकी रिकामी केली. हवेच्या नळीचं काळं टोपण फिरवलं, नखानं पिन दाबली. फाटली असती तर पिनेतून पाणी आलं असतं. बोट कोरडं राहिलं. जेमतेम एक उसासा, मग काहीच नाही.

सासूबाईंनी माझ्या हातातून टोपण घेतलं आणि उजेडात धरलं. मोटारीवर, टाकीवर, पाईपवर सगळीकडे बोटभर धूळ होती. टोपण मात्र लख्ख.

"तीन महिन्यांत याला हात लावलात तुम्ही?"

"नाही."

"पिशवी शाबूत आहे, टोपण घट्ट होतं, आणि हवा नाही. म्हणजे ही हवा कुणीतरी हातानं सोडलीय."

तेवढ्यात मागून आवाज आला. "मग प्रश्नच मिटला की! हवेचा पंप कुणाच्या सायकलला बांधलाय ते दिसतंय सगळ्यांना."

५

दीर होते. बनियनवर, गळ्यात टॉवेल. ती मागची खोली रिकामी झाली की तिथं आपली व्यायामाची यंत्रं मांडायची हे त्यांनी कधीच ठरवून टाकलं होतं. भिंतीची मापंसुद्धा घेऊन झाली होती, हे बेकरीवाल्याच्या बायकोनं आम्हाला तिथल्या तिथे सांगितलं.

साडेतीन वाजले होते. सासूबाईंनी शांतपणे सायकलचा पंप सोडला आणि त्याचं तोंड टाकीच्या नळीला लावलं. बसेचना. "सायकलची नळी वेगळी, ही वेगळी. ही गाडीच्या टायरच्या नळीसारखी जाड असते. आणि पंपानं हवा भरतात हो, काढत नाहीत."

"काढायला पंप कशाला? नळीतून सोडली असेल," दीर म्हणाले.

"कुठल्या नळीतून? दाखवा बरं."

दिरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मोठ्या विश्वासानं मोटारीच्या डोक्यावरच्या नटावर बोट ठेवलं. तो उघडून मोटारीत फक्त सुरुवातीचं पाणी ओततात. मला हसू आवरेना. यांनी हवा सोडली असती, तर आधी मोटारीलाच आंघोळ घातली असती.

"हे नाहीत," सासूबाई माझ्या कानाशी म्हणाल्या. "आणि तो बेकरीवालाही नाही. तो दहा दिवस घरात नव्हता, तरी आकडे सातावरून पाचावर आले. ज्यानं कुणी केलं, त्यानं रोज केलं, चिमूटभर केलं. वाईट करायचं असतं तर एका दिवसात सगळी हवा सोडून मोकळा झाला असता. आणि दर वेळी टोपण परत घट्ट लावलंय. आत धूळ जाऊ नये म्हणून. खोडी काढणारा माणूस टोपण कशाला जपेल, जावईबापू?"

"मग हे करतो कोण?"

"ज्याला या टाकीची काळजी आहे तो."

काळजी घेणारा चोर! आणि तेव्हाच गल्लीच्या तोंडाशी भोंगा वाजला. टेम्पो पंचवीस मिनिटं आधीच आला होता.

"स्कूटरमधला तुमचा फूटपंप आणा," सासूबाई म्हणाल्या. "पळा!"

६

मी आयुष्यात एवढ्या घाईनं हवा भरली नव्हती. मोटार ज्या दाबाला सुरू होते, त्याच्या जरा खाली पंपावरचा काटा आला, तेव्हा थांबलो. टोपण लावलं, मोटार सुरू केली. टाकी ठण वाजली. वरून बाईंची आरोळी आली, "पंचवीस! पंचवीसपर्यंत मोजलं!" त्या धडधडत खाली आल्या. पण बाहेर टेम्पोत कपाट चढलं होतं, आणि बेकरीवाला एका टोकाला धरून पलंग काढत होता. पाणी सुधारल्यानं त्याला काय फरक पडणार होता? चोर तर तोच राहिला होता.

"सगळे इकडे या," सासूबाईंनी हाक दिली. "अण्णा, तुम्हीही. जरा तुमचं मत हवंय. या टाकीत हवा बरी आहे का हो?"

अण्णांचा चेहरा असा खुलला की काय सांगू. ते गुडघा धरून खाली बसले. टोपण फिरवून काढलं. ओठांत धरलं. अंगठ्याचं नख पिनेवर, कान नळीशी.

फुस्स्स्स्. चांगली लांब, मनसोक्त.

"वा!" टोपण घट्ट बसवत अण्णा म्हणाले. "झकास आहे. हल्ली आवाज फार बारीक यायचा. म्हटलं, आपले कान गेले की काय. मी रोज बघतो ना."

घरमालकीणबाईंनी जिन्याचा कठडा धरला.

"रोज, अण्णा?" त्यांनी विचारलं.

"चुकवत नाही एक दिवस. जबाबदारी दिलीय मला." आणि त्यांनी सरळ माझ्याकडे बोट दाखवलं. "बसवताना हे म्हणाले होते ना, 'अण्णा, यातही टायरसारखीच हवा असते. आता हवेचं खातं तुमच्याकडे.'"

म्हणालो होतो. आता मला ती दुपार लख्ख आठवली. म्हातारा माणूस सारखा मधे मधे येत होता, प्रश्न विचारत होता, म्हणून त्याला गप्प करायला मी ते गमतीत म्हटलं होतं. मीच चोर नेमला होता, आणि नंतर फोनवरून दुसऱ्याच माणसाकडे बोटही मीच दाखवलं होतं. मला एवढी लाज कधीच वाटली नव्हती.

"अण्णा," सासूबाई त्यांच्या शेजारी बसल्या, "दुकानात हवा बघून झाली की तुम्ही काय करायचात?"

"कमी असली तर भरायचो. कॉम्प्रेसर होता की." आणि मग अण्णा थांबले. त्यांनी टाकीकडे पाहिलं, आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. "इथं कॉम्प्रेसर नाही," ते हळूच म्हणाले. "म्हणजे रोज थोडी थोडी... मीच?" त्यांनी टेम्पोकडे पाहिलं, त्यावरच्या कपाटाकडे पाहिलं. "आणि यांना माझ्यापायी घालवताय तुम्ही?"

"तुमच्यापायी नाही अण्णा," मी म्हणालो. आता मात्र शब्द आपोआप आले. "माझ्यापायी. मी टाकी न बघता बोललो. कुणीतरी पाणी ओढतंय हे वाक्य माझं आहे. वहिनींनी ते खरं मानलं."

बेकरीवाल्यानं पलंग खाली ठेवला. घरमालकीणबाई त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज कधी नव्हे तो खाली आला होता. "चुकलं माझं. सामान आत घ्या. राहा तुम्ही."

तो काही बोलायच्या आत त्याची बायको पुढे झाली. हातात अजून ताटल्यांचा खोका होता.

"राहायचं की नाही ते नंतर बघू, वहिनी. तुम्ही आम्हाला चोर म्हणालात ते जिन्याखाली नाही म्हणालात. गल्लीत म्हणालात. आज तुम्ही राहा म्हणाल, उद्या मी दुकानात गेले की लोक पाण्याची बादली लपवतील."

बाईंचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता भडकतात. पण त्यांनी चपला पायांत सरकवल्या.

"चल," त्या म्हणाल्या. "ज्या ज्या दारात बोलले, त्या त्या दारात चल."

"तुम्हीपण या," बेकरीवाल्याची बायको मला म्हणाली. मी निमूटपणे निघालो. सासूबाईंकडे बघायचं धाडस झालं नाही.

पहिलं दार किराणावाल्याचं. बाई म्हणाल्या, "पाणी यांनी घेतलं नव्हतं. पाणी कुणीच घेतलं नव्हतं. मी खोटं बोलले." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी म्हणालो, "मी प्लंबर. मोटार न बघता मी यांच्यावर आळ घेतला." दुसरं दार शिंप्याचं, तिसरं समोरच्या डॉक्टरीणबाईंचं. तिथं चार पेशंट बसले होते. बाईंनी त्यांच्यासमोर पुन्हा सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. काल ज्यांनी खोली नाकारली होती, त्या दोन्ही घरांतही गेलो. प्रत्येक दारात बेकरीवाल्याची बायको मागे उभी राहून ऐकत होती. अकराव्या दारानंतर ती म्हणाली, "बास. आता उरलेल्यांना हे लोक सांगतील."

परत आलो तेव्हा टेम्पोवाला वैतागला होता. अण्णा त्याच्या पुढच्या चाकाशी वाकले होते, आणि बेकरीवाला पलंगावर बसून त्यांना धरून होता.

"ताई, पाऊण तास झाला," टेम्पोवाला म्हणाला. "जायचंय तरी कुठं?"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं मान हलवली.

"कुठं नाही," ती म्हणाली. "ते कपाट उतरवा. जपून हं, आरसा आहे त्याला." घरमालकीणबाईंनी पदर खोचला आणि कपाटाचं एक टोक धरलं.